काळी काच

श्रीनिवास बायकोवर जळतो हे कसबा पेठेत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि याचं श्रेय त्यालाच द्यायला हवं. इतक्या नीटनेटकेपणाने जळणं सगळ्यांना जमत नाही. हेमाचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा हा गृहस्थ सकाळी सकाळी चौकात जाऊन जास्तीचे अंक घेऊन आला, नातेवाइकांत वाटले, आणि बातमी कापून फ्रिजवर लावली. लावताना चुंबक नेमकं तिच्या चेहऱ्यावर बसलं. त्याने ते हलवलं नाही. हेमाने पाहिलं, पण तिनेही हलवलं नाही.

दुखणं असं होतं, की ज्या गोष्टीमुळे हेमाचं नाव झालं ती गोष्ट मुळात त्याची होती. निदान त्याला तसं वाटायचं. लिक्विड क्रिस्टल हा त्याचा विषय. धड घट्ट नाही आणि धड पातळही नाही असा तो पदार्थ. ओतला तर ओघळतो, पण आतले रेणू मात्र सगळे एका दिशेला तोंड करून राहतात. त्यावर त्याने तरुणपणी डॉक्टरेट केली, मग वर्षानुवर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्या रेणूंशी खेळत बसला. लोक विचारायचे, "म्हणजे टीव्हीत असतात तेच का?" तो हो म्हणायचा आणि विषय तिथेच संपायचा.

हेमा बायोकेमिस्ट्रीवाली. एका संशोधन संस्थेत नोकरीला. एकदा रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "अहो, तुमच्या त्या रेणूंची शिस्त कशानेही मोडते म्हणता ना? मग एखाद्या प्रोटीनने मोडेल का?"

श्रीनिवास आमटी वाढून घेत होता. "मोडेल की," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

या 'मोडेल की'वर हेमाने पुढची कित्येक वर्षं घातली. जगात इतर ठिकाणीही लोक याच्या मागे लागले होते. त्यांचं सगळं तिने वाचून काढलं, आणि मग आपलं स्वतःचं उभं केलं. काचेच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये क्रिस्टलचा पातळ थर. काचेवर असा लेप, की रेणू सगळे ताठ उभे राहावेत. अशी काच पोलरॉइडच्या, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या फिल्मच्या, एकमेकांना आडव्या दोन तुकड्यांमध्ये धरली की मागचा दिवा दिसतच नाही, काच काळी. आता त्याच लेपावर हेमाने अल्ब्युमिन नावाचं एकच प्रोटीन ओळखून धरून ठेवणारे पहारेकरी बसवले. लघवीच्या थेंबात अल्ब्युमिन असलं की ते तिथे अडकतं, उभ्या रेणूंची रांग विस्कटते आणि काळ्या काचेत पांढरा उजेड फुटतो. मधुमेह झालेल्या माणसाची किडनी झिरपायला लागली की हे प्रोटीन लघवीत उतरतं, आणि वेळेवर कळलं तर पुढचं पुष्कळ टाळता येतं. मोठं यंत्र नको, मोठी लॅब नको. काळी म्हणजे ठीक, पांढरी म्हणजे डॉक्टरकडे जा. शेंबड्या पोरालाही कळावं असं.

आणि हे श्रीनिवासला सुचलं नव्हतं. दात घासताना, स्कूटर काढताना, पेपर तपासताना त्याच्या डोक्यात तेवढंच फिरायचं: मला का नाही सुचलं? बाटली माझ्या हातात, पोलरॉइड माझ्या खिशात, सगळं आयुष्य माझं त्यात गेलं; आणि ही बया जेवता जेवता येऊन ते उचलून घेऊन गेली. बरं, तिने काही चोरलं म्हणावं तर तसंही नव्हतं. प्रत्येक ठिकाणी ती त्याचे आभार मानायची, आणि ते आभार त्याला सगळ्यात जास्त झोंबायचे.

त्यात लोक. वाणी साखर मोजता मोजता म्हणायचा, "तुम्ही हेमाताईंचे मिस्टर ना? त्यांना म्हणावं, आमच्या बाबांची पण काच बघा एकदा." कॉलेजच्या नव्या प्राचार्यांनी तर पाहुण्यांसमोर त्याची ओळख करून दिली ती अशी: "हे हेमाताईंचे मिस्टर. आणि हेसुद्धा शास्त्रज्ञच आहेत बरं का." त्या 'सुद्धा'वर तो कितीतरी दिवस कूस बदलत राहिला. लेक स्पृहा हडपसरला नोकरीला, तिकडेच राहते. तिचा फोन आला. "बाबा, आईची रील आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरतीये, सॉलिड व्हायरल! तू पण आहेस त्यात. मागे. पाण्याची बाटली धरून उभा आहेस."

"चांगलंय," श्रीनिवास म्हणाला. "बाटली तरी दिसतेय ना नीट?"

हिवाळा सरता सरता हेमाकडचं क्रिस्टलचं मिश्रण संपलं. हे मिश्रण श्रीनिवासने स्वतः बनवलेलं होतं. चार वेगवेगळे क्रिस्टल एकत्र करून त्याने ते असं जमवलं होतं, की पुण्याचाच काय, विदर्भातलाही उन्हाळा ते सहज पचवेल.

"अहो, त्यातले चारही क्रिस्टल मागवलेत, पण यायला वेळ लागेल म्हणतात," हेमा म्हणाली. "तुमच्याकडे आहे का थोडं?"

कॉलेजातल्या कपाटात, मागच्या रांगेत, तपकिरी बाटली होती. अर्ध्याच्या वर भरलेली. श्रीनिवासच्या डोळ्यांपुढे ती बाटली स्पष्ट उभी राहिली, तिच्यावरच्या आपल्या अक्षरातल्या लेबलसकट. एवढी एकच गोष्ट आता जगात अशी राहिली होती जी हेमाकडे नव्हती आणि त्याच्याकडे होती.

"संपलं," तो म्हणाला. "साधा क्रिस्टल आहे भरपूर. तो ने."

"उन्हाळ्यात चालेल ना तो?"

"चालेल," पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला.

साधा क्रिस्टल पस्तीस अंशांपर्यंत टिकतो. त्याच्या वर गेला की रेणू दिशा सोडतात आणि त्याचं नुसतं पाणी होतं. हे श्रीनिवास दर वर्षी मुलांना शिकवत होता. झोपेतही सांगितलं असतं त्याने. पण त्याने स्वतःची समजूत घातली, की हिची लॅब एसी आहे, कशाला तिथे पस्तीस होतंय. समजूत घालणं हे काम मत्सरी माणसाला फार छान जमतं.

आता हेमाची एक खोड इथे सांगायला हवी. कुठल्याही मापावर तिचा आधी विश्वास नसतो. घरात नवा वजनकाटा आणला तर आधी त्यावर साखरेचं किलोचं बंद पाकीट ठेवून बघणार. काट्याने किलो दाखवलं तरच त्यावर पीठ चढणार. श्रीनिवास याला 'साखरपुडा' म्हणून हिणवायचा. काचांच्या कामातही तिचं तेच. दर फेरीत एक नमुना असा, ज्याचं उत्तर तिला आधीपासून माहीत आहे. या चाचण्यांसाठी ती घरातून त्याच्या लघवीचीही बाटली न्यायची, कारण त्याला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. श्रीनिवास कुरकुर करत द्यायचा आणि निकाल कधी विचारायचा नाही. सकाळी फिरायला जाणारा, गोडाला हात न लावणारा माणूस. आपली काच काळीच येणार याबद्दल त्याला शंका नव्हती. शिवाय विचारायचं म्हणजे तिला विचारायचं.

एप्रिलमध्ये बिबवेवाडीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने हेमाच्या काचांचं शिबिर ठेवलं. संस्थेबाहेर, खऱ्याखुऱ्या लोकांत होणारी ही पहिलीच चाचणी. ती नीट पार पडली तर पुढे गावोगावच्या दवाखान्यांत काचा जाणार होत्या. संघाचा हॉल म्हणजे मैदानाच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, दोन पंखे, कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ, आणि भिंतीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ भेट मिळालेलं घड्याळ, ज्याच्या पोटात तापमानाचा काटाही होता. हेमाने संघाच्या अध्यक्षांना, रंगनाथरावांना, निक्षून सांगितलं होतं, की सकाळी लवकर सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत संपवायचं. माणसं म्हातारी, उन्हात बसायला नकोत, एवढाच तिचा हिशोब. रंगनाथराव म्हणाले, "आपण काळजीच करू नका, ताई. आमच्याकडे सगळं वेळेवर असतं."

वेळेवर माणसं आली, वेळेवर त्यांच्या बाटल्याही आल्या. पण संघाचा कार्यक्रम म्हणजे आधी दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत. मग अध्यक्षांचं प्रास्ताविक. मग हेमाचा सत्कार, मग पंखे भाड्याने देणाऱ्याचा सत्कार, मग गेल्या वर्षी सत्कार राहून गेलेल्या दोघांचा सत्कार. हेमा खुर्चीच्या टोकाशी बसून घड्याळाकडे बघत होती. श्रीनिवासही बघत होता, पण त्याची नजर घड्याळाच्या पोटावर होती. काटा तिशीच्या पुढे सरकला होता.

"आणि आता," रंगनाथराव माइकवरून म्हणाले, "प्रत्येक यशस्वी स्त्रीच्या मागे कोण असतं? हेमाताईंचे मिस्टर! त्यांचाही शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करू या. सर, दोन शब्द बोला."

भर एप्रिलात अंगावर शाल पडली. तो माइककडे निघाला तेव्हा हेमा हळूच म्हणाली, "थोडक्यात बोला हं. ऊन वाढतंय."

थोडक्यात! वर्षभर जिथे तिथे ही बोलणार आणि आपल्याला मात्र थोडक्यात. श्रीनिवासने शाल खांद्यावर सारखी केली आणि सुरुवात केली. क्रिस्टल म्हणजे काय ते सांगितलं. शाळेच्या प्रार्थनेला उभी असलेली मुलं आणि तास सुटल्यावरची मुलं, असा फरक करून दाखवला. म्हातारे खुदकन हसले. मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी कान पुढे केला. श्रीनिवासला एकदम जाणवलं, की हे लोक ऐकताहेत. याच विषयावर त्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि आज पत्र्याखाली बसून घाम पुसत पुसत अख्खा हॉल त्याचं ऐकत होता. त्याने टीव्हीचं सांगितलं, मनगटावरच्या घड्याळाचं सांगितलं. बोलता बोलता भिंतीकडे नजर गेली. काटा पस्तिशीला टेकला होता.

त्याने ते पाहिलं. नीट पाहिलं. पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "आता या विषयाचा थोडा इतिहास सांगतो."

हेमाचं वाटोळं व्हावं असं त्याला वाटत होतं का? नाही. त्याने मनात जे चित्र रंगवलं होतं ते फार साधं होतं. काचा बिघडणार. हेमा गोंधळणार. मग ती सगळ्यांसमोर वळून विचारणार, "अहो, असं का होतंय?" आणि तो चष्मा पुसत पुसत उठून कारण सांगणार. एवढंच. तिने एकदा, चारचौघांत, आपल्याला विचारावं. त्यासाठी तो कितीही वेळ बोलायला तयार होता, आणि बोललाही. शेवटी रंगनाथरावांनीच चिठ्ठी पाठवली तेव्हा टाळ्यांच्या कडकडाटात तो खाली बसला.

हेमाने पदर खोचला आणि कामाला लागली. "अहो, पहिले तुम्ही," ती म्हणाली. आपल्याला शोभेचा नवरा म्हणून पुढे बसवतेय असं वाटून श्रीनिवास आणखी थोडा जळला आणि आपली बाटली देऊन मोकळा झाला. त्याच्यामागून यमुनाबाई. वाशिमकडच्या, मुलगा हडपसरच्या कारखान्यात लागला म्हणून त्याच्याबरोबर इकडे आल्या, आणि आता दिवसभर या संघात येऊन बसायच्या. मग बाकीचे. हेमाने थेंब टाकले, धुतले, काचा जोडल्या, क्रिस्टल भरला आणि ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. ट्रे खालून दिवा असलेल्या पेटीवर ठेवला, खाली-वर पोलरॉइड लावले. सगळे पुढे झुकले.

पहिली काच काळी. दुसरी काळी. तिसरी, चौथी, शेवटपर्यंत सगळ्या काळ्याकुट्ट.

"सगळे नॉर्मल!" रंगनाथरावांनी हेमाची वाटसुद्धा न बघता माइक उचलला. "आपल्या संघाची एकही किडनी बिघडलेली नाही! टाळ्या!"

श्रीनिवास बसल्या जागी थिजला. टीव्हीचा पडदा तापून बिघडला की बिघडलेला दिसतो. डाग पडतात, माणसं ओरडतात. तो जन्मभर पडद्यांवाला. हेमाच्या काचेत बिघाड कसा दिसेल याचा त्याने विचारच केला नव्हता. रेणू ताठ उभे असले तरी काच काळी, आणि क्रिस्टलचं पाणी झालं तरी काच काळी. इथे बिघाड झाला की सगळे निरोगी दिसत होते. गंमत अशी, की हे सगळं पुरतं कळत असतानाही त्याची नजर पहिल्या काचेकडे गेली आणि छातीत हलकं वाटलं: चला, आपली काळी आली. क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

शेजारी यमुनाबाई येऊन टेकल्या. घामाने डबडबलेल्या, पण चेहरा फुललेला. पाय पुढे घेऊन बसल्या. घोट्यांवर चांगलीच सूज होती.

"काळी आली म्हणजे बरं हाय ना जी?" त्यांनी विचारलं.

श्रीनिवासची नजर त्या सुजेवरच होती.

"डाक्टर म्हणे, तपासून घ्या, किडनीचं असू शकते. मले लय धाक पडला होता. पोरगा सुट्टी टाकणार होता उद्या, दवाखान्यात न्यायले. आता सांगतो त्याले, काही काम नाही म्हणा. मशीननं सांगतलं, आता काय राह्यलं?" त्या हसल्या. "तुमची बायको देवमाणूस हाय, सर."

हे शेवटचं वाक्य नेहमीप्रमाणे टोचलं. पण त्याच्या आधीचं जे होतं ते टोचणं नव्हतं, ते दुसरंच काही होतं. उद्या ही बाई दवाखान्यात जाणार नाही. का, तर मला लोकांनी ऐकावं असं वाटलं. त्याने खांद्यावरची शाल काढली. उठावं, माइक घ्यावा, सांगावं. काय सांगायचं? की काचा बिघडल्यात. का बिघडल्या? कोणी दिला क्रिस्टल? संपलंय असं कोण म्हणालं? एकेक प्रश्न पुढे उभा राहत होता. टाळ्या अजून चालूच होत्या. तो उठला. उठून दोन पावलं चाललाही.

तेवढ्यात हेमाने रंगनाथरावांच्या हातातून माइक घेतला.

"टाळ्या थांबवा, प्लीज," ती म्हणाली. "मघाशी जाहीर केलेला निकाल चुकीचा आहे. कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या काचा बिघडल्या आहेत. चूक माझी आहे."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून एक आजोबा म्हणाले, "मग आम्ही काय सकाळपासून घाम गाळायला बसलोय का?" रंगनाथरावांचा चेहरा उतरला. हेमा तशीच उभी राहिली, कपाळावरचा घाम न पुसता.

आणि श्रीनिवास मध्येच, खुर्च्यांच्या रांगेत, शाल हातात धरून उभा राहिला. आपण बोलणारच होतो. आणखी दोन पावलांवर होतो. पण हे आता कोणाला पटणार होतं? त्याला स्वतःलाही धड पटत नव्हतं. खरेपणातही हीच आधी! इतकी लाज वाटत असतानाही त्याच्या मनात हे आलंच, आणि आलं याचीही त्याला लाज वाटली.

हेमाने ट्रे उचलला आणि कोपऱ्यातल्या माठापाशी गेली. तिने मानेनेच त्याला बोलावलं. तो गेला.

"पस्तिशीच्या वर नाही ना टिकत हा?" तिने हलक्या आवाजात विचारलं. अखेर तिने विचारलं होतं, आणि आजूबाजूला चारचौघेही होते.

"नाही," तो म्हणाला.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

माठाच्या ओल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं.

"ती तपकिरी बाटली मी पाहिली होती," हेमा म्हणाली. "पोलरॉइड न्यायला तुमच्या कॉलेजात आले होते तेव्हा. तुम्ही वर्गावर होतात. म्हटलं, असू दे, स्वतःजवळ ठेवावीशी वाटली असेल. माणसाला वाटतं, आपलं काहीतरी आपल्याकडे राहावं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण 'चालेल' म्हणालात ते खोटं असेल, हे नाही आलं मनात."

तिने पहिली काच उचलली, माठाच्या अंगाला लावून थोडा वेळ दाबून धरली आणि मग पोलरॉइडमध्ये घालून त्याच्या डोळ्यांपुढे उजेडात धरली.

काच काळी होती. मग एका कडेने ती उजळायला लागली. आधी बारीक धागे, मग धाग्यांमधून पांढरी कमानदार वळणं, मग सगळी काच लख्ख. थंड झाल्याबरोबर क्रिस्टल पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर आला होता, आणि त्याच्यापुढे काय आलं होतं ते खरं खरं दाखवत होता.

इतकं स्वच्छ चित्र श्रीनिवासने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि पहिला विचार काय आला? हे मला का नाही सुचलं. त्यानंतर मग त्याची नजर ट्रेमधल्या रिकाम्या जागेवर गेली.

"ही पहिली," तो म्हणाला.

"हो. तुमची." हेमाचा आवाज थोडा हलला. "गेले काही आठवडे अशीच येतेय. खात्री करून घेत होते. डॉक्टरांची वेळ घेतलीय, आजच घरी गेल्यावर सांगणार होते. फार नाहीये, वेळेत कळलंय. पण आज पहिले तुम्हाला बसवलं ते त्यासाठी. खात्रीची पांढरी माझ्याकडे तेवढी एकच होती."

श्रीनिवासला साखरेचं पाकीट आठवलं. जिला तो हिणवत आला होता त्या खोडीनेच आज हॉलभर माणसं वाचली होती, आणि काट्यावर ठेवायला तिने घरातून त्यालाच आणलं होतं. त्याने हातातली शाल माठाशेजारी ठेवली.

"आता बाकीच्या धरा," हेमा म्हणाली. "एकेक करून. तुमचा हात स्थिर असतो. आणि निकाल तुम्हीच सांगा त्यांना, मी लिहून घेते."

त्याने दुसरी काच घेतली आणि माठाला लावली. पत्रा तापून कडकड वाजत होता. थोड्या वेळाने काच डोळ्यांपुढे धरली. तीही पांढरी झाली, त्याच्यापेक्षा लख्ख. त्याने वळून पाहिलं. यमुनाबाई पिशवी काखेत घेऊन निघण्याच्या तयारीत होत्या.

"यमुनाबाई," त्याने हाक मारली. "जरा थांबा. इकडे या."

त्या पाय ओढत आल्या. त्याने काच त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, दाखवली. "ही तुमची. पांढरी आहे. उद्या मुलाला सुट्टी टाकायला सांगा. दवाखान्यात जायलाच हवं. माझीही अशीच आलीये, मलाही जायचंय."

यमुनाबाई काचेकडे बघत राहिल्या. फुललेला चेहरा हळूहळू मिटला. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मंग मघाशी काळी काहून होती जी?"

हेमा लिहायची थांबली. तिने वर पाहिलं नाही.

तापमानाचं सांगता आलं असतं. पत्र्याचं, उन्हाचं, रंगनाथरावांच्या सत्कारांचं. सगळं खरंच होतं.

"मघाशी मी फार बोललो," श्रीनिवास म्हणाला, "आणि त्याआधी घरी एकदा खोटं बोललो. म्हणून काळी होती."

यमुनाबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पदराने डोळे टिपत मुलाला फोन लावायला बाजूला गेल्या. हेमाने तिसरी काच ट्रेमधून उचलली आणि त्याच्या हातात दिली.